महिला अधिकारी प्लांट हेडच्या खुर्चीपर्यंत कशा पोहोचतील: मध्यम आकाराच्या कारखान्यांसाठी टप्प्याटप्प्याने

चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज किंवा कोल्हापूरची शिरोली, कुठल्याही एमआयडीसीतला दीडशे ते पाचशे माणसांचा कारखाना घ्या. ट्रेनी म्हणून मुली येतात. क्वालिटीत, डिझाइनमध्ये, अकाउंट्समध्ये मन लावून काम करतात. मॅनेजरांच्या रांगेत मात्र एखादीच दिसते, तीही बहुतेक वेळा एचआरमध्ये. मालकांना हे खरोखरच खटकतं. मग मार्च महिन्यात व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा होते, बाहेरून वक्त्या येतात, आणि एप्रिलच्या अप्रेझलमध्ये बढतीची यादी मागच्या वर्षीसारखीच निघते.

हेतू चांगला असतो, क्रम चुकतो. आधी प्रशिक्षण दिलं जातं आणि जबाबदारी नंतर कधीतरी, बहुतेक वेळा कधीच नाही. ज्या कामाचे आकडे रोज सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये वाचले जातात, ते काम हातात आल्याशिवाय कुणीही प्लांट हेड झालेला नाही. पुरुषांना ते काम पंचविशीत मिळतं. महिलांनाही ते वेळेत मिळावं, यासाठी काय, कोणी आणि कोणत्या क्रमाने करायचं ते इथे देत आहे. लेख मालक, प्लांट हेड आणि एचआर यांच्यासाठी आहे. पण वर जाऊ इच्छिणाऱ्या महिलांनी टप्पा 2 आणि 5 जरूर वाचावेत, कारण त्यातल्या गोष्टी स्वतःहून मागता येतात.

## सुरू करण्याआधी

दोन वर्षांचा वेळ धरा. सहा महिन्यांत निकाल हवा असेल तर तुम्ही फक्त डेझिग्नेशन बदलाल.

जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका आणि तो माणूस एचआरमधला नसावा. ऑपरेशन्सचा प्रमुख किंवा स्वतः मालक असावा. एचआर कागदपत्रं, आकडे आणि पाठपुरावा सांभाळेल, पण मशीन शॉपची शिफ्ट कोणाला द्यायची हे एचआर ठरवत नाही. ज्याच्या हातात नेमणूक आहे, त्याच्याच वार्षिक उद्दिष्टांत हे काम लिहा.

सुरुवातीला घोषणा करू नका. नोटीस बोर्डवर योजनेचं नाव लागलं की निवडलेल्या प्रत्येक बाईच्या मागे "ती त्या योजनेतली" हे शेपूट लागतं. पुढची सगळी वर्षं तिला ते पुसत बसावं लागतं.

## टप्पा 1: पेरोल उघडा आणि पायरी शोधा

"आमच्याकडे 24 टक्के महिला आहेत" या आकड्यावरून काहीच कळत नाही. स्टाफ पेरोल स्तरांनुसार मांडा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ:

- ट्रेनी: 30 पैकी 11 महिला
- इंजिनियर: 45 पैकी 12
- सीनियर इंजिनियर: 25 पैकी 5
- असिस्टंट मॅनेजर: 14 पैकी 1
- मॅनेजर: 6 पैकी 0

एकूण 120 पैकी 29, म्हणजे साधारण 24 टक्केच. पण गळती कुठे आहे ते आता दिसतं. सीनियर इंजिनियरवरून असिस्टंट मॅनेजर होताना, म्हणजे पहिल्यांदा हाताखाली माणसं येतात त्याच पायरीवर, साखळी तुटते. तुमच्याकडे दुसरी पायरी निघेल, पण निघेल नक्की. सगळी मेहनत त्या एका पायरीवर करा.

दुसरी मांडणी विभागांची करा. प्रॉडक्शन, मेंटेनन्स, पीपीसी (उत्पादनाचं नियोजन), परचेस, सेल्स एका बाजूला. क्वालिटी लॅब, डॉक्युमेंटेशन, डिझाइन, अकाउंट्स, एचआर दुसऱ्या बाजूला. प्रत्येक बाजूला महिला किती, आणि तुमचे गेले तीन प्लांट हेड कोणत्या बाजूने वर आले, हे शेजारी लिहा.

तिसरी मांडणी: गेल्या तीन वर्षांत कोण सोडून गेल्या आणि रजिस्टरमध्ये कारण काय लिहिलंय. तिथे बहुतेक वेळा "वैयक्तिक कारण" किंवा "विवाह" असतं. त्यातल्या पाच-सहा जणींना फोन करा. फोन त्यांच्या जुन्या साहेबांनी करू नये, तिसऱ्याच कुणीतरी करावा. लग्नामुळे गेलेली बाई त्याच एमआयडीसीत दोन गल्ल्या पलीकडे सीनियर पदावर काम करताना सापडली, तर खरं कारण तुमच्याकडे होतं.

तपासा: समान पद, समान अनुभव असलेल्या स्त्री-पुरुषांचे पगार शेजारी ठेवून पाहिलेत का? फरक निघाला तर पुढच्या पगारवाढीची वाट पाहू नका, आधी तो भरून काढा. कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. आणि पगार कमी ठेवून "तुम्ही पुढे या" म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

## टप्पा 2: खुर्चीला लागणारे अनुभव कागदावर लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "लीडरशिप क्वालिटी हवी" असं म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपल्यासारखाच माणूस येतो. त्यामुळे गुण लिहू नका, अनुभव लिहा. प्लांट हेड होण्याआधी माणसाने काय काय केलेलं असावं? साधारण यादी अशी होते:

1. एका शिफ्टची पूर्ण जबाबदारी, किमान वर्षभर. हजेरी, उत्पादन, रिजेक्शन, ओटी (ओव्हरटाइम), सुरक्षा सगळं.
2. मोठ्या ब्रेकडाऊनमध्ये निर्णय: लाइन थांबवायची का, कस्टमरला कधी कळवायचं, डिस्पॅच कसा सावरायचा.
3. गंभीर कस्टमर कंप्लेंट स्वतः हाताळणं. कस्टमरच्या प्लांटवर जाऊन माल सॉर्ट करण्यापासून 8-डी अहवाल (दोषाचं मूळ कारण आणि त्यावरचे उपाय मांडणारा) बंद होईपर्यंत.
4. नवीन पार्ट डेव्हलपमेंट: ट्रायल, पीपीएपी (नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी), पहिला नियमित पुरवठा.
5. विभागाचं वार्षिक बजेट मांडणं आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याचं उत्तर देणं.
6. मशीन खरेदी: किमान तीन कोटेशन, वाटाघाटी, गुंतवणूक किती काळात वसूल होईल याचा हिशेब.
7. युनियनशी बोलणी. वेतन कराराच्या टेबलावर बसणं, निदान ऐकण्यासाठी तरी.
8. कामगाराला चार्जशीट देणं, चौकशी, ताकीद. हे कुणालाच आवडत नाही, पण हे केल्याशिवाय वर जाणारा पुढे अडकतो.

आता यादीच्या शेजारी तुमच्या सीनियर इंजिनियर आणि असिस्टंट मॅनेजरांची नावं लिहा, स्त्री-पुरुष सगळ्यांची, आणि कुणाला काय मिळालंय त्यावर खुणा करा. बहुतेक कारखान्यांत पुरुषांच्या नावापुढे पाच-सहा खुणा येतात आणि तितक्याच वर्षांच्या अनुभवाच्या महिलांपुढे एक किंवा दोन. हा फरक हुशारीचा नाही. ब्रेकडाऊन झाला की रात्री फोन कुणाला गेला, कस्टमरकडे गाडीत कोण बसलं, याचा आहे. अशा लहान लहान निर्णयांतूनच दहा वर्षांनी एक "अनुभवी" ठरतो आणि दुसरी "अजून तयार नाही" ठरते.

पदाच्या वर्णनातल्या जुन्या ओळीही याच वेळी तपासा. "चोवीस तास उपलब्ध", "भरपूर प्रवासाची तयारी", "फक्त मेकॅनिकल डिग्री" यातलं खरोखर काय लागतं? महिन्यातून दोन दिवस प्रवास असेल तर दोन दिवस असंच लिहा. डिप्लोमा करून पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला तुम्ही मॅनेजर केलं असेल, तर डिग्रीची अट महिलांच्या वेळी उकरून काढू नका.

महिलांसाठी: ही यादी स्वतःसाठी करा. कुठल्या चौकटी रिकाम्या आहेत ते पाहा आणि अप्रेझलच्या बैठकीत "मला वाढ हवी" याच्या जोडीला "मला पुढच्या वर्षी क्रमांक 3 आणि 6 चं काम हवं" असं नेमकं मागा. नेमकी मागणी टाळणं साहेबांना अवघड जातं.

## टप्पा 3: जागा आधी तयार करा, नेमणूक नंतर

बाईला शिफ्ट दिली आणि शॉप फ्लोअरवर महिलांचं स्वच्छतागृहच नाही, ते दोनशे मीटर लांब ऑफिसच्या इमारतीत आहे. असं अनेक ठिकाणी आहे. मग ती दिवसभर पाणी कमी पिते, आणि तिला सारखं ऑफिसकडे जावं लागतं म्हणून बोलणीही खाते. नेमणुकीच्या तारखेआधी हे सगळं झालेलं असावं:

- शॉप फ्लोअरजवळ स्वच्छतागृह, पाणी, कडी, दिवा, सॅनिटरी पॅडची आणि विल्हेवाटीची सोय.
- तिच्या मापाचे सेफ्टी शूज, हातमोजे, युनिफॉर्म. सैल हातमोजा घालून मशीनजवळ उभं राहणं धोक्याचं आहे.
- दुसऱ्या-तिसऱ्या पाळीसाठी घरापर्यंत गाडी. गेटपर्यंतची किंवा चौकापर्यंतची गाडी यात धरू नका.
- गेटपासून पार्किंगपर्यंत पुरेसा उजेड.
- चालू स्थितीतली अंतर्गत समिती.

कायद्याच्या बाबतीत चुका नेहमी त्याच होतात, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

अंतर्गत समिती. 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तर 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार ती बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि बाहेरची एक सदस्य व्यक्ती. समितीची नावं भिंतीवर लागली, पण त्यातली एक वर्षभरापूर्वीच सोडून गेली, हे सर्रास आढळतं. तक्रार आल्यावर समिती बनवण्याची धावपळ सुरू झाली, तर त्या बाईचा विश्वास तिथेच संपतो.

पाळणाघर. "आमच्याकडे तेवढ्या बायकाच नाहीत" हे उत्तर चालत नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर निकष आहे 50 कर्मचाऱ्यांचा, आणि त्यात पुरुषही मोजले जातात. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा आहे, त्यात तिची विश्रांतीची वेळही धरलेली आहे. एकट्याने जमत नसेल तर शेजारच्या तीन-चार कारखान्यांनी मिळून सामायिक पाळणाघर चालवता येतं, कायद्यात त्याला जागा आहे. औद्योगिक संघटनेच्या बैठकीत हा विषय तुम्ही मांडा. कुणीतरी मांडायलाच हवा.

रात्रीची पाळी. संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत महिलांना काम देण्यासाठी त्यांची संमती आणि सुरक्षेची, वाहतुकीची व्यवस्था लागते. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही संमतीची अट आहे. राज्याचे चालू नियम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून किंवा तुमच्या सल्लागाराकडून तपासून घ्या आणि संमती लेखी ठेवा. मात्र "कायदा अडवतो" असं सांगून कुणाची शिफ्ट नाकारू नका. कायदा अटी घालतो, दार बंद करत नाही.

तपासा: प्लांट हेडने स्वतः रात्री बारा वाजता गेटपासून पार्किंगपर्यंत चालून पाहावं. कागदावरच्या टिकमार्कपेक्षा त्यातून जास्त कळेल.

## टप्पा 4: निवड आणि पहिलं बोलणं

"इच्छुकांनी नावं द्यावीत" असा मेल टाकून थांबू नका. साहेबांना "तुमच्याकडची चांगली मुलगी सुचवा" एवढंच विचारलं, तर जी निमूट काम करते तिचं नाव येतं. तीन याद्या करा: गेल्या तीन वर्षांत ज्यांच्या कामाचा निकाल आकड्यांत दिसतो त्या, ज्यांच्याकडे इतर विभागांतली माणसं अडचण घेऊन जातात त्या, आणि ज्यांनी स्वतः पुढचं काम मागितलं त्या. दोन याद्यांत आलेली नावं पहिल्या फेरीत घ्या. तीनशे माणसांच्या कारखान्यात चार ते सहा नावं पुरेत. एकच नाव मात्र घेऊ नका. एकटीवर सगळ्यांच्या नजरा खिळतात, आणि ती अडखळली की "बायकांना जमत नाही" असा निष्कर्ष तयारच असतो.

मग बोलणं. इथे चांगल्या मनाची माणसंही चुकतात. चुकलेलं बोलणं असं असतं:

"मॅडम, सेकंड शिफ्टला इन्चार्ज हवाय. पण तुमची मुलगी लहान आहे, घरचं कसं जमणार म्हणा... बघा, नाही म्हणालात तरी हरकत नाही."

"नाही सर, राहू द्या मग."

आणि साहेब मीटिंगमध्ये सांगतात, "मी विचारलं होतं, त्याच नको म्हणाल्या."

तेच बोलणं नीट केलं तर:

"मॅडम, मशीन शॉपच्या शिफ्ट इन्चार्जसाठी तुमचं नाव मी पक्कं धरतोय. गेल्या वर्षी कस्टमर ऑडिटच्या वेळी तुम्ही लाइन ज्या पद्धतीने सांभाळलीत, त्यावरून सांगतो. महिन्यातला एक आठवडा सेकंड शिफ्ट येईल, सुटायला साडेअकरा होतील, घरापर्यंत गाडी असेल. पगारात किती फरक पडेल ते या कागदावर आहे. तुम्हाला काय लागेल ते सांगा. पुढच्या सोमवारी बोलू."

यात तिची निवड का झाली ते सांगितलं, काम काय आणि वेळ किती ते उघड केलं, मोबदला दाखवला, आणि विचाराला अवधी दिला. मुलीचा विषय साहेबांनी काढला नाही. घरचं गणित ती स्वतः मांडेल, तुम्ही ते तिच्या वतीने सोडवू नका.

"विचार करून सांगते" हा नकार नाही. आणि खरा नकार आला तरी तो त्या वर्षापुरता. नाव यादीत ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. मूल शाळेत जाऊ लागलं, सासू-सासऱ्यांचं दुखणं आटोपलं, की तीच बाई दुप्पट जोमाने उभी राहते. पण तोवर तिला कुणी परत विचारलेलंच नसतं.

सावधान: घरच्यांना भेटून "परवानगी" मागू नका. कारखाना दाखवायला सगळ्यांच्याच कुटुंबांना बोलवा, ते चांगलं. पण नेमणुकीची चर्चा तिच्याशीच.

## टप्पा 5: काम द्या, आणि अधिकारासकट द्या

"को-ऑर्डिनेटर" आणि "असिस्टंट टू प्लांट हेड" ही पदं देऊ नका. त्यांत मीटिंगची टिपणं काढावी लागतात, निर्णय दुसऱ्याचे असतात. टप्पा 2 मधल्या यादीतलं, तिच्याकडे नसलेलं एक ठोस काम निवडा आणि नेमणुकीच्या पत्रात अधिकार लिहा: किती रुपयांपर्यंत खरेदीला सही, रजा कोण मंजूर करणार, ओटी कोण ठरवणार, हाताखालच्या माणसांचं अप्रेझल कोण लिहिणार. या चारही ठिकाणी तिचं नाव हवं. ज्याच्या हातात रजा आणि ओटी नाही, त्याचं लाइनवर कुणी ऐकत नाही. बाई असो की पुरुष.

मोडकळीला आलेला विभाग पहिलं काम म्हणून देऊ नका. द्यावाच लागला, तर पहिल्या दिवशीचे आकडे, म्हणजे रिजेक्शन, डिलिव्हरी, गैरहजेरी, साठलेल्या तक्रारी, हे सगळं दोघांच्या सहीने नोंदवा. सहा महिन्यांनी मोजमाप तिथून करायचं आहे.

हस्तांतरणाला चार आठवडे द्या. पहिले दोन आठवडे जुना इन्चार्ज चालवतो आणि ती सोबत असते. पुढचे दोन ती चालवते आणि तो सोबत असतो. पाचव्या आठवड्यात तो त्या लाइनवर येत नाही.

खरी परीक्षा तिथेच असते. पाचव्या आठवड्यात एक जुना ऑपरेटर सवयीने जुन्या इन्चार्जकडे जातो: "साहेब, उद्या सुट्टी पाहिजे होती, गावाला जत्रा आहे." साहेबांनी म्हणायचं, "मला कशाला विचारतोस? मॅडमना विचार." ते जर म्हणाले, "जा तू, मी सांगतो मॅडमना," तर त्या एका वाक्यात तिचा अधिकार संपला, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या लाइनला कळलेलं असतं. जुन्या इन्चार्जला हे आधी बसवून समजवा. तो मदतीच्या भावनेनेच करत असतो, म्हणून जास्त जपावं लागतं. प्लांट हेडलाही हाच नियम: शिफ्टबद्दलचा प्रश्न मीटिंगमध्ये तिलाच विचारायचा. शेजारी बसलेल्या अनुभवी सुपरवायझरकडे पाहून विचारायचा नाही.

लाइनवर पन्नाशीचे ऑपरेटर आणि इन्चार्ज तिशीची, हे अवघड नसतं. "काका, हा टूल आत्ता बदला, पुढचा लॉट तपासल्याशिवाय सोडू नका" या वाक्यात मानही आहे आणि हुकूमही. आवाज चढवायला शिका, पुरुषांसारखं बोला, असले सल्ले तिला देऊ नका.

तपासा (तिसऱ्या महिन्यात): सकाळच्या मीटिंगमध्ये तिच्या विभागाचे आकडे तीच वाचते का? रात्री ब्रेकडाऊन झाला तर पहिला फोन तिलाच जातो का? "बाईमाणसाला कशाला त्रास" म्हणून फोन दुसऱ्याकडे वळत असेल तर तो लगेच थांबवा. तो त्रासच तिचा अनुभव आहे.

## टप्पा 6: शब्द टाकणारा माणूस नेमा

सल्ला देणारे पुष्कळ असतात. बढतीच्या बैठकीत ती नसताना तिच्यासाठी शब्द टाकणारा हवा. तो तिचा थेट साहेब नसावा, पण त्या खोलीत बसण्याइतका वरिष्ठ असावा. त्याने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत: वर्षातून दोनदा तरी तिला कस्टमरच्या वरिष्ठांसमोर न्यायचं, नवीन काम निघालं की तिचं नाव घ्यायचं, आणि तिला खरं ते सांगायचं.

शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मीळ आहे. पुरुष सहकाऱ्याला साहेब सरळ सांगतात, "तुझं प्रेझेंटेशन फसलं, कॉस्टिंगचा अभ्यास नव्हता." महिलेला सांगतात, "छान झालं मॅडम." तिला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलं की ती पुढच्या वेळी तीच चूक करते. आणि ते "छान" सगळं बढतीच्या वेळी "अजून थोडा वेळ हवा" होऊन बाहेर पडतं. काय चुकलं, कुठे, पुढच्या वेळी काय करायचं, हे आठवड्याच्या आत आणि एकांतात सांगा.

भेटी महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत, ऑफिसमध्येच, कॅलेंडरवर नोंदवून. कुजबुजीची भीती दोघांनाही असते आणि ती खोटी नाही. उघडपणे, सगळ्यांनाच लागू असलेल्या पद्धतीने भेटलं की ती उरत नाही.

प्रशिक्षणाची वेळ आता आली. हातात काम असताना शिकलेलं टिकतं. कॉस्ट शीट आणि नफा-तोटा वाचणं, स्थायी आदेश (कामगारांच्या सेवाशर्तींचे नियम) आणि शिस्तभंगाची चौकशी, वाटाघाटी, हे तीन विषय आधी घ्या.

## टप्पा 7: अप्रेझल आणि बढतीची बैठक

निकष बैठकीच्या आधी लिहून वाटा. नावं समोर आल्यावर निकष ठरवले की ते नावाप्रमाणे वाकतात.

बैठकीत एक जण फक्त शब्दांवर लक्ष ठेवेल. "जरा तापट आहे", "भावनाप्रधान आहे", "घरची जबाबदारी आहे", "अजून तयार वाटत नाही" यातलं काही आलं की त्याने दोनच प्रश्न विचारायचे: कोणत्या प्रसंगावरून म्हणता? आणि याच प्रसंगात पुरुष असता तर हाच शब्द वापरला असता का? प्रसंग सांगता आला नाही तर तो शेरा नोंदवायचा नाही.

प्रसूती रजेवर असलेल्या महिलेचं रेटिंग तिने काम केलेल्या महिन्यांवर करा. वर्षाचं उद्दिष्ट तेवढ्याच प्रमाणात धरा. "या वर्षी त्या नव्हत्याच" म्हणून सरसकट मधलं रेटिंग देणं हा अन्याय आहे, आणि त्यामुळे बढती एकदम दोन वर्षं मागे जाते.

## टप्पा 8: रजा आणि परतणं

पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. एवढं सगळे पाळतात. चांगल्या अधिकारी गमावल्या जातात त्या परतल्यानंतरच्या तीन महिन्यांत.

रजेआधी लेखी ठरवा: तिच्या जागी कोण, तो तात्पुरता आहे हे त्याच्या पत्रात आहे का, आणि ती कोणत्या पदावर परतणार. तिची टीम दुसऱ्याला कायमची देऊन तिला "स्पेशल प्रोजेक्ट" देऊ नका. रजेत फोन किती हवेत हे तिने ठरवायचं. काहींना महिन्याला एक बातमी हवी असते, काहींना अजिबात नको. परतल्यावर पहिला महिना जनरल शिफ्ट, मग ठरल्याप्रमाणे. तिने मागितलं आणि काम तसं असेल तर काही दिवस घरून कामाची मुभा, तीही कायद्यात सुचवलेली आहे.

मोठ्या विश्रांतीची गरज फक्त बाळंतपणात येत नाही. स्टेट बँकेने अरुंधती भट्टाचार्य अध्यक्ष असताना महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी किंवा वडीलधाऱ्यांच्या आजारपणासाठी दोन वर्षांपर्यंतची रजा देऊ केली. टाटा समूहाने 2008 मध्ये करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी परत येण्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. तुमच्या आकाराच्या कारखान्यात दोन वर्षं जमणार नाहीत, तीन महिने जमतील. सोडून गेलेल्या चांगल्या अधिकाऱ्यांची यादी ठेवा आणि जागा निघाली की जाहिरातीआधी त्यांना फोन करा. मशीन माहीत असलेलं माणूस पुन्हा मिळणं सोपं नाही.

## टप्पा 9: संचालक मंडळ

शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या प्रत्येक कंपनीत, तसंच 100 कोटी भरणा भांडवल किंवा 300 कोटी उलाढाल असलेल्या पब्लिक कंपनीत किमान एक महिला संचालक हवी, असं 2013 च्या कंपनी कायद्याखालचे नियम सांगतात. बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांत ती स्वतंत्र संचालक असावी, ही सेबीची अट 1 एप्रिल 2020 पासून आहे. प्रायव्हेट लिमिटेडला हे लागू नाही, पण तिथे पत्नी किंवा सून संचालक म्हणून कागदावर असतेच. तिच्याकडे बैठकीची विषयपत्रिका आणि ताळेबंद आठवडाभर आधी पोहोचतो का, की फक्त सहीसाठी फाइल घरी येते, ते पाहा.

घरची मुलगी किंवा सून कारभारात येणार असेल तर तिलाही टप्पा 2 ची यादीच लावा. मुलाला शिफ्टमध्ये उभं केलं आणि मुलीला अकाउंट्सच्या केबिनमध्ये बसवलं, तर पाच वर्षांनी कामगार कुणाला मालक मानतील हे तुम्ही आजच ठरवलेलं असतं.

## पहिली नेमणूक फसली तर

असं होतं, पुरुषांच्या बाबतीतही होतं. तिला लगेच क्वालिटी लॅबमध्ये परत पाठवू नका. आधी या क्रमाने पाहा: अधिकार कागदावर होते तसे प्रत्यक्षात होते का, जुना इन्चार्ज खरोखर बाजूला झाला होता का, माणसं, टूल, कच्चा माल वेळेवर मिळाला का, चुका तिला वेळेत सांगितल्या गेल्या का. यातल्या एकाचंही उत्तर "नाही" असेल तर ते दुरुस्त करून त्याच कामावर आणखी सहा महिने द्या. चारही उत्तरं "हो" असतील तर तिला यादीतलं दुसरं काम द्या, उदाहरणार्थ पीपीसी किंवा नवीन पार्ट डेव्हलपमेंट, आणि तिच्याशी मोकळेपणाने बोलून द्या. रिकाम्या झालेल्या शिफ्टसाठी नावं काढताना टप्पा 4 ची यादी पुन्हा उघडा. त्यात उरलेल्या नावांपैकी एक त्याच आठवड्यात विचारलं गेलं पाहिजे.